दुसऱ्याच्या नावानं राज्य : सुलतान कुली कुतुब-उल-मुल्क



गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि राजमहेंद्रीच्या पुढे पूर्व समुद्राला मिळते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्य मोडकळीला आलं, तेव्हा या नदीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला दोन नवी घराणी उभी राहिली. वरच्या अंगाला, म्हणजे जुन्नर, अहमदनगर, दौलताबाद आणि आपलं नाशिक या मुलखात निजामशाही आली. तिच्या संस्थापकाचा बाप पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला तिमाभट. तो लहानपणी युद्धात पकडला गेला, मुसलमान झाला आणि बहमनी दरबारात मलिक हसन म्हणून वजीरीपर्यंत चढला. म्हणजे हे घराणं गोदाकाठचंच. खालच्या अंगाला तेलंगणात मात्र जो माणूस उभा राहिला, तो इराणातल्या हमदानजवळ जन्मलेला तुर्कमान होता. त्याच्या टोळीचं राज्य बुडालं होतं आणि मायदेशी त्याला ठाव उरला नव्हता. सुलतान कुली हे त्याचं नाव. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा मूळपुरुष म्हणून आपण त्याला पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत ओळखतो. त्या ओळीत त्याचं नाव येतं, एक सन येतो आणि ‘स्वतंत्र झाला’ हे शब्द येतात. माझ्या मते त्या ओळीतलं शेवटचं विधानच चुकीचं आहे आणि आज मला मुख्यतः तेच मांडायचं आहे. पण त्यासाठी आधी त्याच्या टोळीकडे जावं लागेल.

आज जिथे पूर्व तुर्कस्तान, आर्मेनिया आणि वायव्य इराण एकमेकांना भिडतात, त्या डोंगराळ कुरणांच्या प्रदेशात चौदाव्या शतकात तुर्कमान मेंढपाळांचे दोन मोठे जमाव होते. एक कारा कोयुनलू, म्हणजे काळ्या मेंढीवाले. दुसरे आक कोयुनलू, पांढऱ्या मेंढीवाले. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर, हिवाळ्यात खालच्या खोऱ्यांत, असं त्यांचं वर्ष जाई. हे नुसते गुराखी नव्हते. घोड्यावर वाढलेली, धनुष्यात तरबेज अशी ही माणसं म्हणजे शेजारच्या प्रत्येक सुलतानाला भाड्यानं हवं असलेलं आणि दाराशी नको असलेलं सैन्य होतं.

कारा कोयुनलूंना राज्याच्या पंक्तीला बसवलं ते कारा युसुफनं. त्याचं आयुष्य इतकं विलक्षण आहे की त्याच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावं. तैमूरलंगानं त्याला मुलखातून हाकललं. तो उस्मानी सुलतान बायझीदच्या आश्रयाला गेला आणि पुढे दमास्कसला पोहोचला. तिथे इजिप्तच्या मामलुकांनी त्याला कैदेत टाकलं. त्याच तुरुंगात बगदादचा पदच्युत सुलतान अहमद जलायर होता. तैमूरला खूश करायचं तर या दोघांची डोकी उडवायची, असा कैरोहून हुकूम होता. दमास्कसच्या सुभेदारानं तो अमलात आणला नाही. त्या तुरुंगात कारा युसुफला मुलगा झाला, पीर बुदाक. सोबतच्या कैद्यानं, अहमद जलायरनं, त्याला आपला मानसपुत्र केलं. तैमूर मेला, दोघे सुटले, आपापल्या मुलखात परतले. कारा युसुफनं १४०८ साली तैमूरच्या मुलाचा, मीरानशाहाचा, लढाईत पराभव केला आणि मीरानशाह त्यात मारला गेला. दोन वर्षांनी तुरुंगातला जुना मित्र अहमद जलायर तबरीझ घ्यायला चालून आला, हरला आणि मारला गेला.

आता कारा युसुफचा पुढचा डाव पाहा. तबरीझ हाती, बगदाद हाती येण्याच्या बेतात, अडवणारा कोणी नाही. तरी त्यानं स्वतःला सुलतान म्हणवून घेतलं नाही. त्यानं गादीवर बसवलं ते आपल्या पोराला, पीर बुदाकला, कारण तो जलायर सुलतानाचा मानसपुत्र होता आणि राजेपणाचा हक्क त्या नात्यातून येत होता. चंगीझखानाच्या रक्ताशी संबंध नसलेल्या तुर्कमान मेंढपाळाला लोक सेनापती म्हणून मानतील, राजा म्हणून मानतील की नाही याची खात्री नव्हती. म्हणून राज्य करायचं, पण दुसऱ्याच्या नावानं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. शंभर वर्षांनी, हजारो मैल दूर, ती पुन्हा घडणार आहे.

कारा युसुफ १४२० साली छावणीत आजारी पडून वारला. तैमूरचा मुलगा शाहरुख मोठं सैन्य घेऊन येत होता. सरदारांनी प्रेत तसंच टाकलं आणि आपापल्या दिशेला पळाले. छावणी लुटणाऱ्यांनी मृत राजाच्या कानातल्या सोन्यासाठी कान कापून नेले. ज्याच्यामागे कालपर्यंत हजारो घोडेस्वार होते त्याची ही गत झाली, कारण टोळीची निष्ठा माणसाशी होती आणि तो माणूस गेला होता. दरबार, दफ्तर, दरमहाचा पगार यांनी बांधलेलं असं त्यांच्यात काहीच नव्हतं.

दुसरा दोष याहून खोल होता. तुर्कमानांच्या रीतीनं राज्य हे अख्ख्या घराण्याचं सामाईक असे. थोरल्याचा हक्क असा नियम नाही. भाऊ, पुतणे, मुलगे सगळ्यांचा दावा सारखा, आणि निवाडा तलवारीनं. कारा युसुफचा मुलगा इस्कंदर गादीवर आला. त्याच्या विरुद्ध सख्खा भाऊ जहानशाह शाहरुखला जाऊन मिळाला. इस्कंदर एका किल्ल्यात कोंडला गेला आणि १४३८ साली त्याला ठार केलं ते त्याच्या पोटच्या मुलानं, कुबादनं. जहानशाह मोठा राजा झाला. तबरीझची निळ्या फरशांची मशीद त्याच्या काळातली, तो स्वतः ‘हकीकी’ या नावानं कविता करी. त्याचाही मुलगा उलटला. या मुलाचंही नाव पीर बुदाक. बापानं त्याला बगदादेत वेढलं आणि १४६६ साली तो मारला गेला. पुढच्याच वर्षी पांढऱ्या मेंढीवाल्यांच्या उझून हसननं जहानशाहाला गाठून ठार केलं. दोन-तीन वर्षांत कारा कोयुनलूंचं राज्य संपलं.

कुतुबशाही इतिहासकारांनी दिलेली वंशावळ अशी : कारा युसुफ, त्याचा मुलगा इस्कंदर, त्याचा अलवंद, त्याचा पीर कुली, त्याचा उवैस कुली, आणि उवैसचा मुलगा आपला सुलतान कुली. म्हणजे पोटच्या मुलानं ज्याला मारलं तो इस्कंदर हा सुलतान कुलीचा खापरपणजोबा. अशा घरात मुलगा कोणत्या गोष्टी ऐकत वाढला असेल याचा विचार करा. हमदानजवळ सादाबाद नावाच्या गावी त्याचा जन्म. तिथे आता उझून हसनच्या घराण्याचा अंमल होता आणि जुन्या राजवंशाचं रक्त अंगात असणं हाच गुन्हा होता. चुलता अल्ला कुली याच्याबरोबर तो हिंदुस्थानात निघाला.

दख्खन का? याचं उत्तर आपल्याच घाटवाटांवर सापडतं. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास एक घोडा घेऊन होर्मुझहून जहाजानं निघाला आणि चौलला उतरला. तिथून घाट चढून जुन्नर. पावसाळ्याचे दोन महिने त्यानं जुन्नरला काढले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो कळवळून लिहितो. सह्याद्रीचा पाऊस न पाहिलेल्या माणसाला ते प्रलयासारखंच वाटलं असणार. जुन्नरच्या असदखानानं त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि मुसलमान झालास तर घोडा परत आणि वर सोनं, असा सौदा घातला. एका खुरासानी अधिकाऱ्यानं मध्यस्थी केली म्हणून तो सुटला. निकितीनची एक नोंद आपल्या विषयाला नेमकी भिडते. या देशाचे अमीर-उमराव खुरासानी आहेत, ते घोड्यावरून लढतात आणि इथले लोक पायी चालतात, असं तो सांगतो. त्यानंच जहानशाहाला उझून हसननं मारल्याचीही नोंद केली, आणि परतीच्या वाटेवर तो उझून हसनच्या छावणीतही जाऊन आला. म्हणजे तुर्कमानांची कोसळलेली गादी आणि बहमनींची परदेशी माणसांची भूक ही दोन्ही टोकं एकाच माणसाच्या टिपणवहीत आहेत. होर्मुझहून घोडे येत, घोड्यांबरोबर घोडेस्वार येत, आणि चौल, दाभोळ, गोवा इथे उतरलेली ही माणसं बिदरला पोहोचत.

सुलतान कुली बिदरला आला तो काळ फार वाईट होता. महमूद गावान हा गिलानहून आलेला बहमनी वजीर. राज्याची घडी बसवणारा, बिदरला भव्य मदरसा बांधणारा. त्याला खोट्या पत्राच्या आरोपावरून १४८१च्या एप्रिलमध्ये सुलतानानं ठार करवलं. त्या कटात तिमाभटाचा, म्हणजे मलिक हसनचा, हात होता. पुढच्याच वर्षी तो सुलतान वारला आणि बारा वर्षांचा महमूदशाह गादीवर बसला. दरबारात दोन तट होते. इराण, तुराण, अरबस्तानातून नव्यानं आलेले ते आफाकी, आणि इथे पिढ्यानपिढ्या रुजलेले ते दख्खनी, ज्यांच्या बाजूला हबशी होते. या भांडणाला शिया-सुन्नी हे एक कारण होतं, पण मला वाटतं खरं भांडण पोटाचं होतं. जहागिरी मोजक्या होत्या आणि दरवर्षी जहाजातून नवी माणसं उतरत होती. जो मुलूख दख्खन्याच्या बापानं जिंकला त्याची सनद काल आलेल्या तुर्काला मिळत होती. दख्खन्यांचा राग निराधार होता असं मी म्हणणार नाही.

१४८७ साली एका रात्री दख्खनी आणि हबशी सरदार बिदरच्या किल्ल्यात घुसले. सुलतानाला ठार करायचं हा बेत होता. महमूदशाह पळत शाह बुरुजावर चढला. त्याच्याजवळ मोजके तुर्क होते, आणि त्यांत तरुण सुलतान कुली होता. जिना अरुंद, वर मूठभर, खाली जमाव. पहाटेपर्यंत त्यांनी बुरूज लढवला, बाहेरून आफाकी कुमक आली आणि सुलतान वाचला. या रात्रीनं सुलतान कुलीचं आयुष्य घडवलं. पण दुसऱ्या दिवशी जे झालं तेही सांगितलं पाहिजे. सुलतानाच्या हुकमानं तीन दिवस शहरात दख्खनी आणि हबशी यांची कत्तल चालली. कुतुबशाहीचा पाया ज्या शौर्यावर घातला गेला, त्याला लागूनच हे रक्त आहे. घराण्याच्या इतिहासकारांनी शौर्य रंगवलं. आपण दोन्ही वाचायचं.

त्याला खवासखान हा किताब मिळाला. दुसरी चढण कोकण आणि कोल्हापुरातून आली. बहादूर गिलानी नावाच्या आफाकी सरदारानं गोवा आणि दाभोळ बळकावलं, पन्हाळा-मिरजेपर्यंत हातपाय पसरले, समुद्रात गुजरातची जहाजं लुटली आणि मुंबईजवळचं माहीम जाळलं. गुजरातच्या महमूद बेगड्यानं बिदरला खडसावलं, तेव्हा महमूदशाह स्वतः मोहिमेवर निघाला. १४९४ साली बहादूर कोल्हापूरच्या बाजूला लढाईत पडला. त्याच मोहिमेत तेलंगणाचा तरफदार, म्हणजे सुभेदार, दख्खनी कुतुब-उल-मुल्क मारला गेला. त्याचा किताब सुलतान कुलीला मिळाला आणि १४९५-९६च्या सुमारास तेलंगणाची तरफदारी. जहागिरीत गोवळकोंडा होता. काकतीयांच्या काळापासूनचा तो डोंगरी किल्ला, वरंगळच्या राजानं १३६३ साली बहमनींना दिलेला. सुलतान कुलीनं तिथे दगडी तटबंदी उभारली आणि खाली वस्ती वसवली.

त्याच्या आधी, १४९०मध्येच, जुन्नरचा मलिक अहमद, म्हणजे तिमाभटाचा मुलगा, विजापूरचा युसुफ आदिल आणि वऱ्हाडचा फतहुल्ला इमाद यांनी बिदरचं जू झुगारलं होतं. मलिक अहमदनं तर १४९९ साली दौलताबादही घेतलं. बिदरात महमूदशाह होता तो वजीर कासीम बरीदच्या मुठीत. अशा वेळी तेलंगणात बसलेल्या सुलतान कुलीला कोण विचारणार होतं? तरी तो बिदरच्या नामधारी सुलतानाला पैसा पाठवत राहिला, बोलावणं आलं की फौज घेऊन जात राहिला.

आता त्या पाठ्यपुस्तकातल्या ओळीकडे येऊ. इतिहासकार फरिश्त्यानं त्याच्या स्वातंत्र्याचा काळ १५१२च्या आसपास दिला आहे, तर बऱ्याच पुस्तकांत १५१८ हे साल सापडतं. पण गोवळकोंड्याला जा. बाला हिसारच्या दरवाज्याजवळ त्यानं बांधलेली जामा मशीद आहे. तिच्यावरच्या लेखात हिजरी ९२४, म्हणजे १५१८, हे वर्ष आहे आणि राज्यकर्ता म्हणून नाव आहे महमूदशाह बहमनीचं. मशीद आपली, किल्ला आपला, पैसा आपला आणि दगडावर नाव धन्याचं. १५१२ला स्वतंत्र झालेला माणूस सहा वर्षांनी हे का कोरून घेईल?

याहून ठोस पुरावा त्याच्या कबरीचा आहे. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर कुतुबशाही घराण्याचं दफनस्थान आहे. पुढच्या सुलतानांचे घुमट इतके प्रचंड आहेत की मूळपुरुषाचा मकबरा त्यांच्यात बेताचा दिसतो. आत काळ्या बसाल्टचा दगड आहे, आपल्या सह्याद्रीच्या कातळाच्या जातीचा, गुळगुळीत घासलेला. त्यावर घाटदार नस्ख लिपीत धर्मवचनं आणि मग मृताचं नाव. त्या लेखात तो मलिक सुलतान कुली आहे, त्याचा किताब कुतुब-उल-मुल्क आहे, आणि लोक त्याला ‘बडे मलिक’ म्हणत हेही नोंदलेलं आहे. ‘शाह’ ही पदवी कुठेही नाही. ‘सुलतान’ आहे तो त्याच्या जन्मनावाचा भाग. हा दगड १५४३चा. तोपर्यंत महमूदशाहाला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. शेवटचा बहमनी सुलतान कलीमुल्ला बिदरहून पळून आपल्या बाजूला, अहमदनगरच्या आश्रयाला आला आणि तिथेच वारला, त्यालाही पाच वर्षं झाली होती. धनी उरला नव्हता, तरी चाकरानं धन्याची पदवी घेतली नाही. प्रा. हारून खान शेरवानी यांनी कुतुबशाहीच्या इतिहासात, १९७४च्या त्यांच्या ग्रंथात, याच पुराव्यांवरून त्यानं राजेपदाचा पुकारा केलाच नाही, असं मांडलं आहे. मला ते पूर्ण पटतं.

ही निव्वळ स्वामिनिष्ठा होती का? निष्ठा होतीच, शाह बुरुजावरची रात्र तो विसरला नसणार. पण त्यात टोळीचं शहाणपणही होतं. कारा युसुफनं पीर बुदाकला पुढे करून जे साधलं तेच खापरपणतूच्या मुलानं बहमनी नावाखाली साधलं. परक्या मुलखात आलेला, जमात मागे नसलेला माणूस. त्यानं राजा म्हणून उभं राहावं तर बरोबरीचे सगळे शत्रू होतात. सुभेदार म्हणून राहावं तर आपलं म्हणणं सुलतानाचं म्हणणं होतं.

लढायांचा तपशील मी आवरता घेतो, त्या पुष्कळ आहेत. वरंगळ-खम्ममकडचा सीतापती उर्फ शिताबखान, ओरिसाचा गजपती, विजयनगर, विजापूर, बिदर, सगळ्यांशी तो झुंजला. खम्मम, वरंगळ, कोंडापल्ली घेत तो समुद्राकडे सरकला आणि गजपतीबरोबरच्या तहात गोदावरी ही सरहद्द ठरली. आपल्या नदीचं खालचं पात्र असं त्याच्या राज्याची कड झालं. विजापूरच्या इस्माईल आदिलशी कोइलकोंड्याला झालेल्या झुंजीत तलवारीचा वार त्याच्या तोंडावर बसला आणि नाकाचा, गालाचा भाग गेला. तोवर तो म्हातारा झाला होता. त्या वयात तोंडावर वार घेणारा माणूस मागे तंबूत बसून हुकूम सोडत नव्हता, एवढं त्यावरून कळतं. धर्मानं तो शिया होता आणि बारा इमामांच्या नावानं खुतबा वाचला जाई. आपलं शियापण इराणच्या शाह इस्माईलकडून घेतलेलं नसून घराण्यातूनच आलेलं आहे, असं त्याचं सांगणं होतं.

एवढं सगळं जमवणाऱ्या माणसाला घर जमलं नाही. मुलांत थोरला हैदर आधीच गेला होता. कुतुबुद्दीनला त्यानं वारस नेमलं. आणखी एक मुलगा जमशीद कारस्थानात सापडला म्हणून त्याला गोवळकोंड्यात कैदेत टाकलं होतं. १५४३च्या सप्टेंबरात सुलतान कुली त्याच जामा मशिदीत, जिच्यावर त्यानं धन्याचं नाव कोरवलं होतं, नमाजाला उभा होता. किल्लेदार मीर महमूद हमदानीनं त्याला मागून गाठून ठार केलं. सांगणारा जमशीद होता. मारेकरी हमदानचा, मरणारा हमदानचा. त्याचं वय नव्वदीच्या पुढे होतं असं इतिहासकार सांगतात. पिढ्यांचा हिशेब घातला तर ते बरंच कमी असावं, पण तो जख्ख म्हातारा होता यात शंका नाही. जमशीदनं गादी घेतली आणि कुतुबुद्दीनचे डोळे काढले. खापरपणजोबा मुलाच्या हातून गेला, त्याला एकशेपाच वर्षं झाली होती.

हे ऐकून कुणी ‘मुसलमानी राज्यात असंच चालायचं’ असं म्हणू नये. आपण नाशिकमध्ये बसलो आहोत. इथून गंगापूरकडे निघालं की आनंदवली लागते, जिथे रघुनाथराव वाडा बांधून राहिले. आपल्याच जिल्ह्यातल्या धोडपला १७६८ साली माधवराव पेशव्यांना चुलत्यावर तोफा डागाव्या लागल्या. पाच वर्षांनी शनिवारवाड्यात नारायणराव ‘काका, मला वाचवा’ म्हणत मारला गेला. भाऊबंदकी या शब्दात आपण जे भोगलं, तेच काळ्या मेंढीवाल्यांनी तबरीझमध्ये आणि गोवळकोंड्यात भोगलं. राज्य हे घराण्याचं सामाईक वतन आहे ही समजूत जिथे जिथे टिकली, तिथे तिथे हे झालं. सुलतान कुलीनं टोळीकडून आलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली, दुसऱ्याच्या नावानं राज्य करण्याची युक्ती, पारखून घेतली आणि तिच्यावर राज्य उभारलं. दुसरी, वारसाच्या प्रश्नाची जीवघेणी रीत, त्याला टाकता आली नाही. त्यानं वारस नेमला होता. पण ज्या दरबारात हुकमापेक्षा खंजीर चालतो तिथे नेमणुकीचं मोल किती असणार?

धाकटा मुलगा इब्राहीम पळाला. आधी बिदर, मग विजयनगर. रामरायाच्या आश्रयाला त्यानं सात वर्षं काढली. तिथे तो तेलुगूत रमला. १५५०मध्ये जमशीद वारल्यावर तेलुगू नायकवाड्यांच्या मदतीनं त्याला गादी मिळाली. त्यांचा पुढारी जगदेवराव होता. अद्दंकि गंगाधर या कवीनं आपलं ‘तपतीसंवरणोपाख्यानमु’ हे काव्य इब्राहीमला अर्पण केलं, आणि तेलुगू कवी त्याला ‘मल्किभराम’ म्हणत. तबरीझच्या कुरणांवरून निघालेलं रक्त दोन पिढ्यांत असं तेलुगू बोलू लागलं. तरीही १५६५ साली तालिकोटला रामरायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या फौजांत इब्राहीमची फौज होती. मला हे प्रत्येक वेळी खटकतं आणि त्याचं समर्थन मी करत नाही.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण तो आपल्या नदीवर घडला. कारा कोयुनलूंचीच बहारलू नावाची शाखा होती, तिचाही मुलूख हमदानच्या बाजूचा. त्या शाखेतला बैरामखान, अकबराचा पालक, आणि त्याचा मुलगा अब्दुर्रहीम खानखानान, ज्याचे दोहे हिंदी मुलखात आजही पाठ आहेत. १५९७च्या फेब्रुवारीत, पाथरीच्या परिसरात आष्टीजवळ, खानखानान मुघल फौज घेऊन उभा होता. समोर विजापूरचा सुहेलखान, आणि त्याच्या बरोबरीनं गोवळकोंड्याची फौज. दोन दिवस लढाई चालली. खानदेशचा राजा अलीखान मुघलांच्या बाजूनं लढताना पडला. गोवळकोंड्याचे लोक मागे हटले, खानखानान जिंकला. एकाच टोळीची, एकाच परगण्यातून निघालेली दोन घराणी गोदावरीच्या काठी समोरासमोर आली होती, आणि ज्या मुलखासाठी ती भांडत होती तो मुलूख दोघांचाही नव्हता.

आणि आता जिथून सुरुवात केली त्या युक्तीबद्दल शेवटचं. ती गोवळकोंड्यात संपली नाही. १६३३च्या जूनमध्ये दौलताबाद पडलं, निजामशाहीचा बालसुलतान मुघलांच्या कैदेत गेला. तेव्हा शहाजीराजांनी त्याच घराण्यातलं दुसरं मूल शोधलं, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं कारभार हाती घेतला. जुन्नर, संगमनेर, नाशिक, त्र्यंबक हा सगळा मुलूख त्या नावाखाली तीन वर्षं चालला. शहाजीराजांची फौज होती, किल्ले होते, लोक मागे होते. राजेपदाचा पुकारा त्यांनी केला नाही, कारण दख्खनेत शंभर-दीडशे वर्षं जी राजकारणाची भाषा घडली होती, तिच्यात मुलूख राखायचा तर असाच. सुलतान कुलीची ती मशीद आणि पेमगिरीवरचं ते पोर यांना मी एकाच ओळीत ठेवतो. नाव धन्याचं आणि बळ आपलं, हे दोन्हीकडे सारखंच आहे. फरक एवढाच की सुलतान कुलीला सत्तेचाळीस वर्षं मिळाली आणि शहाजीराजांना तीन. १६३६मध्ये शहाजहानच्या फौजा उतरल्या. अलीवर्दीखानानं चांदवड, इंद्राई, राजदेहेर, कोळदेहेर हे किल्ले घेतले, त्याचा फारसी लेख इंद्राईच्या कातळात आजही आहे. तरुण मंडळींनी तो गडावर जाऊन पाहावा आणि कुणीतरी फारसी शिकून तो स्वतः वाचावा, ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी वाट घालून दिलीच आहे. त्याच वर्षी माहुलीला शहाजीराजे वेढले गेले. त्यांनी ते मूल स्वाधीन केलं आणि जुन्नर, हरिश्चंद्रगड, त्रिंगलवाडी यांच्याबरोबर आपला त्र्यंबकगडही सोडून दिला.